कागदाच्या पाठीमागचं आभाळ

५ सप्टेंबर १८२२. सकाळचे दहा वाजलेत. तोंड आग्नेयेकडे. वारा पश्चिमेचा, चांगलाच जोराचा. करडे, ताजे, उजळ ढग एका पिवळसर थरावरून भराभर पळताहेत, साधारण आभाळाच्या निम्म्या उंचीवर.

हे वेधशाळेचं टिपण नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये कागदावर तैलरंगात केलेला ढगांचा एक अभ्यास आहे, त्याच्या पाठीमागे चित्रकाराने स्वतः हे लिहून ठेवलंय. चित्रकार जॉन कॉन्स्टेबल. मी त्याचा इंग्रजी मजकूर इथे मराठीत सांगितलाय, आणि त्यातलं शेवटचं वाक्य तूर्त बाजूला ठेवलंय. त्याच्याकडे नंतर येऊ.

मी हे चित्र पाहिलं ते फोनवर, म्युझियमच्या संकेतस्थळावर. समोरची बाजू बोटांनी मोठी करून पाहिली. ढग, ढग आणि ढग. झाड नाही, घर नाही, क्षितिजसुद्धा नाही. मग खाली स्क्रोल केल्यावर पाठीमागच्या मजकुराची नोंद दिसली, आणि चित्रापेक्षा त्या नोंदीनेच मला जास्त वेळ अडकवून ठेवलं. समजा तुम्ही ढगाचा फोटो काढलात, तर वेळ आणि ठिकाण फोन आपोआप लिहितो. वाऱ्याची दिशा मात्र तो लिहीत नाही. ढग कोणत्या वेगाने चाललेत, खालचा थर कोणत्या रंगाचा आहे, हेही नाही. त्यासाठी तिथे उभं राहावं लागतं.

कॉन्स्टेबल उभा राहिला. १८२१ आणि १८२२ या दोन वर्षांत, मुख्यतः उन्हाळ्यात आणि शरदात, लंडनच्या उत्तरेला हॅम्पस्टेडच्या उंचवट्यावर तो पुन:पुन्हा आभाळ रंगवत राहिला. ऑक्टोबर १८२२मध्ये फिशर या मित्राला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की, आभाळाचे जवळजवळ पन्नास अभ्यास करून झालेत, तेही बऱ्यापैकी मोठ्या आकाराचे, म्हणजे काम काळजीपूर्वक होतं. आदल्या वर्षीच्या पत्रात तर त्याने या उद्योगासाठी 'आकाश' या नामाचं सरळ क्रियापदच करून टाकलं होतं. मराठीत सांगायचं तर, सध्या बरंच 'आभाळणं' चाललंय, असं काहीसं.

यातलं एकही चित्र त्याने विकलं नाही, प्रदर्शनात लावलं नाही. मग हा माणूस हे कशासाठी करत होता?

सोपं उत्तर 'निसर्गप्रेम' हे आहे. मला ते पुरेसं वाटत नाही. मुळात तो हॅम्पस्टेडला गेला कशाला, इथून सुरुवात करायला हवी.

कॉन्स्टेबलचं मारिया बिकनेलवर प्रेम जडलं १८०९मध्ये. लग्न झालं १८१६मध्ये. मधली सात वर्षं घरच्यांच्या विरोधात गेली. मारियाचे आजोबा कॉन्स्टेबलच्याच गावचे धर्मगुरू, पैसेवाले आणि हट्टी. चित्रं काढणाऱ्या, धड कमाई नसलेल्या गिरणीवाल्याच्या पोराला नात द्यायची नाही, यावर ते ठाम होते. आजोबांच्या इच्छेविरुद्ध गेलं तर वारशावर पाणी सोडावं लागेल, ही भीती मारियाच्या घरी होती. १८१६मध्ये कॉन्स्टेबलचे वडील गेले, त्याच्या वाट्याला थोडं उत्पन्न आलं, आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला दोघांनी लग्न केलं. तो तेव्हा चाळीस वर्षांचा होता, ती अठ्ठावीस. लग्न लावलं ते याच मित्राने, जॉन फिशरने. तो चर्चमध्ये धर्मोपदेशक होता.

मारियाची तब्येत पहिल्यापासून नाजूक. पुढे तिला क्षय झाला. घराघरांतून दगडी कोळसा जाळणाऱ्या लंडनची हवा तिच्या छातीला सोसणारी नव्हती. म्हणून १८१९पासून कॉन्स्टेबल हॅम्पस्टेडला घर भाड्याने घेऊ लागला. हे गाव टेकडीवर, शहराच्या धुराच्या वर. तिथली हवा स्वच्छ म्हणून नावाजलेली. मध्य लंडनमधलं घर आणि स्टुडिओही सोडता येत नव्हता, कारण गिऱ्हाईक तिकडे, रॉयल अकॅडमी तिकडे. म्हणजे दोन घरांचं भाडं, आणि खाली-वर फेऱ्या. १८२१च्या मार्चमध्ये तिसरं मूल झालं, १८२२च्या ऑगस्टमध्ये चौथं.

हॅम्पस्टेडच्या त्या छोट्या घरात काम करायला जागा नव्हती. बागेत एक खोपट होतं, त्यात वाळू, कोळसा, झाडू, फडकी असला पसारा. कॉन्स्टेबलने तो उपसला आणि तिथे रंगसामान मांडलं. फिशरला त्याने हेही मोठ्या हौसेने कळवलंय.

आता त्या पन्नास आभाळांकडे पुन्हा पाहा. एक माणूस बायकोला नीट श्वास घेता यावा म्हणून टेकडीवर येऊन राहिलाय. घरात तान्हं मूल आहे, पैशांची ओढाताण आहे. सकाळी तो बाहेर पडतो आणि हवेकडे पाहतो. या घरात हवा हा रोजचा विषय असणार. वारा कुठून येतोय, धूर इकडे सरकतोय का, आज उकडणार की गार पडणार, हे प्रश्न चित्रकाराचे आहेत तसेच आजारी माणसाच्या घरातलेही आहेत. कॉन्स्टेबलने असं कुठे लिहिलेलं नाही, हा माझा अंदाज आहे. पण मला तो सोडवत नाही.

हल्ली आपल्याला फोनवरची ॲप सांगतात: दोन मिनिटं आकाशाकडे पाहा, श्वासावर लक्ष ठेवा, विचार येऊ द्या, जाऊ द्या. त्यात वाईट काही नाही. मीही करून पाहिलंय, दुसऱ्या मिनिटाला नोटिफिकेशन आलं. पण त्या पाहण्याचा रोख आत असतो. आकाश हे मन शांत करायचं साधन. कॉन्स्टेबलच्या टिपणांमध्ये 'मी' जवळजवळ नाहीच. मला कसं वाटलं, हे तो लिहीत नाही. वारा, दिशा, वेळ, रंग, वेग. आणि श्वासावर लक्ष असलंच, तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी.

आभाळ वाचायची सवय त्याला लहानपणापासूनची. सफक परगण्यातलं ईस्ट बर्गहोल्ट हे त्याचं गाव. वडील गोल्डिंग कॉन्स्टेबल धान्याचे व्यापारी, गिरण्यांचे मालक. स्टूर नदीवर पाण्यावर चालणाऱ्या चक्क्या, आणि गावाबाहेर माळावर पवनचक्की. जॉनने धंद्यात यावं म्हणून वडिलांनी त्याला साधारण वर्षभर पवनचक्कीवर कामाला ठेवलं होतं. चक्कीच्या लाकडावर त्याने चाकूने कोरलेलं नाव आणि १७९२ हे साल, असा उल्लेख त्याचा चरित्रकार आणि मित्र सी. आर. लेस्ली करतो. तेव्हा तो सोळा वर्षांचा.

पवनचक्कीवाल्याला आभाळ पाहणं हा विरंगुळा नसतो. वारा पडला तर धान्य तसंच राहतं. वारा एकदम चढला आणि पात्यांवरचं कापड वेळेत आवरलं नाही, तर चक्कीच मोडते. लांबवर उठलेला ढग काय घेऊन येतोय, हे तो डोक्यावर यायच्या आत कळावं लागतं. आपल्याकडे पेरणी तोंडावर असताना शेतकरी वर पाहतो, तसंच ते पाहणं. जॉनचा धाकटा भाऊ एब्रम पुढे घरचा धंदा सांभाळू लागला. तो म्हणत असे की जॉनने काढलेली चक्की बघितली की ती फिरणार हे मला कळतं. बाकीच्या चित्रकारांच्या चक्क्यांबद्दल तशी खात्री नसते. कॉन्स्टेबलच्या चित्रांबद्दल मी वाचलेल्या सगळ्या समीक्षेत हे वाक्य मला सगळ्यात विश्वासार्ह वाटतं. ते गिरणीवाल्याचं आहे.

तरी फक्त गावाकडचं शहाणपण एवढ्यावर हे काम उभं नाही. ढगांना नावं नुकतीच मिळाली होती. डिसेंबर १८०२मध्ये ल्यूक हॉवर्ड नावाच्या तरुणाने लंडनमधल्या एका छोट्या अभ्यासमंडळात निबंध वाचला. हॉवर्ड व्यवसायाने औषधं बनवणारा, पंथाने क्वेकर, आणि छंद हवामानाचा. ढग क्षणोक्षणी बदलतात, तरी त्यांचे ठरावीक प्रकार असतात, असं त्याने मांडलं आणि लॅटिन नावं दिली. केसांच्या बटेसारखा सिरस. रास घातल्यासारखा क्युम्युलस. थर पसरल्यासारखा स्ट्रेटस. पावसाचा निम्बस. आजही विमानतळावरचा हवामानतज्ज्ञ हीच नावं जोडून-फोडून वापरतो. जर्मनीत गटे या नावांवर इतका खूश झाला की त्याने हॉवर्डवर कविता केल्या.

कॉन्स्टेबलकडे हॉवर्डची मांडणी समजावून सांगणारं थॉमस फॉर्स्टरचं पुस्तक होतं. त्याच्या प्रतीत समासात त्याने शेरे मारलेत, काही ठिकाणी तर लेखकाशी वाद घातलाय. म्हातारपणी एकाने विचारलं तेव्हा त्याने याच पुस्तकाची शिफारस केली, आणि लगेच पुस्ती जोडली की लेखकाचं सगळंच बरोबर नाही, पण रान त्याने बरंच नांगरलंय. त्याच्या एका ढगाच्या अभ्यासामागे एकच शब्द लिहिलेला आहे: सिरस. बाकी काही नाही.

आणखी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे 'पुस्तकं फेकून थेट निसर्गात गेला' असा गैरसमज नको. याच काळात तो अलेक्झांडर कोझन्स या जुन्या चित्रकाराच्या छापील आभाळांच्या नकलाही करत होता. समोर खरं आभाळ, हाताशी हवामानाचं पुस्तक, आणि टेबलावर दुसऱ्याचं आभाळ. तिन्ही एकदम.

प्रत्यक्ष काम कसं चालत असेल? तैलरंगाच्या धातूच्या नळ्या अजून निघाल्या नव्हत्या. त्यांचं पेटंट १८४१चं. घोटलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या छोट्या पिशवीत बांधलेला असायचा. टोचून थोडा काढायचा, भोक बुजवायचं. रंगपेटी मांडीवर, झाकणात आतून कागद टाचलेला. ढग थांबत नाहीत, म्हणून सगळा खेळ तासाभराचा. ११ सप्टेंबर १८२१च्या एका अभ्यासामागे वेळ लिहिलीय: सकाळी दहा ते अकरा. ढग रुपेरी करडे, पार्श्वभूमी उबदार, हवा कोंदट, नैर्ऋत्येचा हलका वारा. आणि पुढे: दिवसभर हवा छान, पण त्यानंतरच्या रात्री पाऊस.

हे शेवटचं वाचताना मी थबकलो. रात्रीच्या पावसाची नोंद सकाळी अकराला करता येत नाही. म्हणजे चित्र पूर्ण झाल्यावर त्याने ते बाजूला टाकलं नाही. दिवसभर त्या आभाळाचं काय झालं यावर त्याचं लक्ष होतं, आणि पाऊस पडल्यावर त्याने पुन्हा तो कागद पालथा केला. सकाळच्या रुपेरी ढगांत रात्रीचा पाऊस दिसत होता का, हे त्याला तपासायचं असणार. हे ध्यान म्हणा हवं तर, पण याला पडताळा आहे. जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी जॉन थॉर्न्स या ब्रिटिश हवामान-अभ्यासकाने त्या काळच्या लंडनच्या हवामाननोंदी काढून कॉन्स्टेबलच्या तारखांशी ताडून पाहिल्या आणि १९९९मध्ये त्यावर पुस्तकच लिहिलं. चित्रकाराच्या नोंदी टिकल्या.

हे सगळं कशासाठी, तर स्टुडिओतल्या मोठ्या चित्रांसाठी. १८२१च्या मे महिन्यात त्याचं 'द हे वेन' रॉयल अकॅडमीत लागलं होतं. आज बिस्किटांच्या डब्यापासून चहाच्या ट्रेपर्यंत सगळीकडे दिसणारं हे चित्र तेव्हा इंग्लंडमध्ये विकलं गेलं नाही. (१८२४मध्ये ते पॅरिसला गेलं आणि त्याला सुवर्णपदक मिळालं. कॉन्स्टेबल स्वतः मात्र गेला नाही. तो आयुष्यात कधी इंग्लंडबाहेर पडलाच नाही.) त्या काळी निसर्गचित्रकाराला सल्ला मिळायचा की आभाळ म्हणजे वस्तूंच्या मागे टांगलेली पांढरी चादर समज. ऑक्टोबर १८२१च्या पत्रात कॉन्स्टेबल या सल्ल्यावर तुटून पडतो. त्याचं म्हणणं, आभाळ हा चित्राचा मुख्य सूर आहे. उजेड तिथून येतो, सगळ्याचं प्रमाण त्यावरून ठरतं आणि भावनाही तिथूनच उतरते.

पण हॅम्पस्टेडचा अमुक ढग उचलून तमुक चित्रात बसवला, असं सहसा दिसत नाही. रियाजातली तान मैफलीत जशीच्या तशी येत नाही, तसंच ते. हातात काहीतरी मुरतं.

गिऱ्हाइकांना हे आभाळ झेपत नसे. सॉल्झबरीचे बिशप हे फिशरचे काका. त्यांच्या बागेतून दिसणारं कॅथीड्रल कॉन्स्टेबलने काढलं, ते १८२३मध्ये प्रदर्शित झालं. बिशपना चित्र पटलं, पण मनोऱ्यामागचा तो काळा ढग काही पटला नाही. आभाळ जरा निरभ्र करता येईल का? नंतर केलेल्या मोठ्या आवृत्तीत खरोखरच ऊन पडलंय. न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहात ती आहे. दोन्ही शेजारी ठेवून पाहा. कोणतं चित्र फिरणाऱ्या चक्कीचं आहे आणि कोणतं भिंतीवर लावायचं, ते लगेच कळतं. हेन्री फ्युसेली हा ज्येष्ठ चित्रकार तर थट्टेने म्हणायचा की कॉन्स्टेबलची चित्रं बघायला जाताना मला ओव्हरकोट आणि छत्री मागवावीशी वाटते. मला ही पावती वाटते.

इथवर वाचून तुम्हाला कॉन्स्टेबल आवडू लागला असेल. मलाही आवडतो. म्हणूनच पुढचं सांगणं भाग आहे.

१८२२ हेच वर्ष. नेपोलियनबरोबरची युद्धं संपून धान्याचे भाव कोसळले होते. सफकमध्ये शेतमजुरांना काम नव्हतं, मजुरी नव्हती. मजूर रात्री मालकांच्या गंजींना, कोठारांना आगी लावत होते. गावाकडून एब्रमचं पत्र आलं की जवळ नाहीतर लांब कुठेतरी आग दिसली नाही अशी एक रात्र जात नाही. कॉन्स्टेबलने हे एप्रिल १८२२मध्ये फिशरला कळवलंय. म्हणजे त्याला माहीत होतं. आणि त्याच्या चित्रांतलं स्टूरचं खोरं तरीही शांत आहे. गवताची गाडी पाण्यात उभी आहे, मजूर दूर शेतात इवलेसे. राजकारणात तो कट्टर जुन्या वळणाचा होता. मताधिकार वाढवणाऱ्या सुधारणा विधेयकाची त्याला धास्ती होती. जॉन बॅरेलसारख्या अभ्यासकांनी नेमका हाच प्रश्न विचारला: या चित्रांत गरीब माणसं इतकी लहान आणि इतकी लांब का?

त्याला आणखी एक प्रश्न जोडावासा वाटतो. पन्नास वेळा वर पाहणं म्हणजे पन्नास वेळा खाली न पाहणं होतं का? गावाकडच्या धुराच्या बातम्या घरात येत असताना तो हॅम्पस्टेडवर ढग मोजत होता. निसर्गात रमण्याचं हे दुखणं आजचंही आहे. आपण वीकेंडला ज्या तळ्याकाठी मन शांत करायला जातो, ते कुणाच्या शेतावर बांधलंय, हे आपण कुठे विचारतो?

याचं एक विलक्षण उदाहरण त्याच्याच तोंडचं आहे. १८३६मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, हॅम्पस्टेडला दिलेल्या व्याख्यानात त्याने अॅशच्या एका झाडाचं चित्र दाखवलं. गावाच्या वेशीवरचं उंच, देखणं झाड. तो त्याला तरुणी म्हणतो, आणि सांगतो की ती मनाला लागून मेली. झालं असं की तिच्या अंगावर खिळे ठोकून एक पाटी लावली गेली: भिकारी आणि भटक्यांवर कायद्याने कारवाई होईल. झाडाला तो अपमान सहन झाला नाही. शेंड्याच्या फांद्या लगेच वाळल्या, वर्षा-दोन वर्षांत अर्धं अंग गेलं. मग झाड तोडलं. बुंधा ठेवला, पाटी टांगण्यापुरता.

वाचताना गळ्यात काहीतरी दाटतं. आणि दुसऱ्या क्षणी लक्षात येतं की पाटीवरचा मजकूर त्याने सांगितला तो झाडाच्या अपमानासाठी. त्या भिकाऱ्यांचा अपमान त्याला दिसला की नाही, कळत नाही. कदाचित दिसला असेल, आणि म्हणूनच शब्द न् शब्द लक्षात राहिला असेल. इतकं बारीक पाहणाऱ्या माणसाच्या नजरेतही एक कोपरा असा झाकोळलेला राहतो, एवढंच मी म्हणेन. त्याला माफ करणं किंवा न करणं माझं काम नाही.

१८२८मध्ये घरात दोन गोष्टी झाल्या. मार्चमध्ये मारियाचे वडील वारले आणि त्यांनी लेकीला वीस हजार पौंड ठेवले. कॉन्स्टेबल कुटुंबाची पैशांची चिंता कायमची मिटली. तोवर मुलं सात झाली होती, शेवटचं जानेवारीतलं. मारियाचा क्षय मात्र बळावत गेला. टेकडीवरची हवा दहा वर्षं पुरली, पुढे पुरली नाही. २३ नोव्हेंबरला हॅम्पस्टेडच्याच घरात ती गेली. चाळीस वर्षांची होती.

तीन महिन्यांनी, फेब्रुवारी १८२९मध्ये, रॉयल अकॅडमीने त्याला पूर्ण सदस्य करून घेतलं, तेही एका मताच्या फरकाने. वय बावन्न. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो मान आला, आणि घरी जाऊन सांगायला माणूस नव्हतं. त्याच वर्षी त्याने 'हॅडली कासल' प्रदर्शित केलं. थेम्सच्या मुखाजवळचा पडका किल्ला त्याने पंधरा वर्षांपूर्वी, लग्नाआधी, एकदाच पाहिला होता. त्या वेळचं छोटं पेन्सिलचं रेखाटन वहीत होतं. त्यावरून आता हे मोठं चित्र. आभाळ फाटलेलं, ढग ओरबाडल्यासारखे, मधूनच उजेडाच्या तिरिपी. या चित्रासाठी तो कुठल्या टेकडीवर जाऊन बसला नाही. त्याची गरज नव्हती. ढग कसा फाटतो, फाटल्यावर आतला रंग कसा असतो, हे हाताला पाठ होतं. मला वाटतं, त्या दोन वर्षांतल्या आभाळांचा खरा उपयोग इथे झाला. आणि तो कशासाठी होणार आहे, हे ती रंगवताना त्याला ठाऊक नव्हतं.

१८३६मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये, वैज्ञानिकांच्या सभागृहात, त्याने निसर्गचित्रणावर चार व्याख्यानं दिली. चित्रकला हे निसर्गाच्या नियमांचं संशोधन का मानू नये आणि चित्रांना त्यातले प्रयोग का म्हणू नये, असं त्याने विचारलं. ३१ मार्च १८३७ला तो गेला. हॅम्पस्टेडच्या चर्चच्या आवारात मारियाशेजारी त्याची कबर आहे.

मुलं पांगली. १८२१मध्ये जन्मलेला चार्ल्स ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारात गेला. त्या आरमाराचं ठाणं मुंबई. पुढे इराणच्या आखाताचे नकाशे करणाऱ्या पाहणीत त्याचं नाव आहे. म्हणजे वारा आणि पाणी वाचणं त्याच्याकडेही आलं म्हणायचं. न विकलेले कागदांचे गठ्ठे घरातच राहिले.

आता ते बाजूला ठेवलेलं वाक्य. ५ सप्टेंबर १८२२च्या त्या कागदामागे वारा, वेळ, दिशा, रंग हे सगळं लिहून झाल्यावर कॉन्स्टेबलने आणखी एक ओळ लिहिलीय: ऑस्मिंग्टनच्या किनाऱ्यासाठी हे आभाळ अगदी योग्य.

ऑस्मिंग्टन हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं छोटं गाव. फिशर तेव्हा तिथे राहायचा. १८१६च्या ऑक्टोबरात, लग्न झाल्यावर, फिशरच्या आग्रहावरून कॉन्स्टेबल आणि मारिया त्याच्या घरी जाऊन राहिले होते. सात वर्षांच्या वाट पाहण्यानंतरचा मधुचंद्र. त्या वर्षी युरोपात उन्हाळा असा झालाच नव्हता. आदल्या वर्षी इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला होता आणि त्याच्या धुराळ्याने अर्ध्या जगाची हवा बिघडली होती. वादळी, थंड दिवसांत तो समुद्रकिनाऱ्यावर चित्रं काढत होता. सहा वर्षांनी, हॅम्पस्टेडच्या टेकडीवर सकाळी दहा वाजता पश्चिमेचा वारा सुटला आणि करडे ढग पळू लागले, तेव्हा त्याला तो किनारा आठवला. टिपणात 'मी' नाही असं मी मघाशी म्हटलं. 'जवळजवळ' हा शब्द तिथे होता, तो यासाठी.

हा कागद म्युझियमला १८८८मध्ये मिळाला. देणगी कॉन्स्टेबलच्या मुलीची, इझाबेलची. तिने लग्न केलं नाही. वडिलांच्या मागे उरलेलं काम तिने सांभाळलं आणि त्यातलं बरंचसं त्या वर्षी देऊन टाकलं. ती गेलीही त्याच वर्षी. तिचा जन्म ऑगस्ट १८२२चा. ढग पळत होते त्या सकाळी ती काही दिवसांची होती, आईजवळ, खाली घरात.